पुलाखालच्या पाण्याची वर्गणी

इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरउतारावर प्रायर पार्क ही अठराव्या शतकातली बाग आहे. माथ्यावर रॅल्फ ॲलनचा वाडा, खाली दरी, दरीत बांध घालून अडवलेली तळी, आणि तळ्यांपाशी खांबांवर छप्पर तोललेला एक दगडी पूल. ॲलनने टपालाची व्यवस्था सुधारून पैसा मिळवला, त्यातून जवळच्या कूम डाउनच्या दगडखाणी घेतल्या आणि आपल्या खाणीतला मधाच्या रंगाचा दगड काय करू शकतो हे दाखवण्यासाठी वाडा बांधला. पूल 1755 सालचा. त्याचा घाट इटालियन वास्तुकार पलाडिओच्या आराखड्यांवरून आलेला. विल्टनच्या सरदारवाड्याच्या बागेत 1736-37 मध्ये असा पहिला पूल उभा राहिला, लगेच 1738 मध्ये स्टो इथे दुसरा झाला, आणि 1770च्या दशकात रशियात त्सार्सकोये सेलोच्या राजबागेत संगमरवरी पूल झाला. प्रायर पार्कचा धरून आज या घाटाचे हे चार पूल गणले जातात. स्टोच्या पुलावरून बग्गी जावी म्हणून पायऱ्यांऐवजी उतार केलेला आहे. विल्टनचा पूल मात्र पायी फिरणाऱ्यांचा, आणि प्रायर पार्कने विल्टनचाच कित्ता गिरवला.

अशा पुलासाठी पैसा उभा करायचा तर आवाहनाच्या पत्रकावर हमखास कमानींचे आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाचे छायाचित्र येते. माझे म्हणणे असे की पुलाच्या देखणेपणावर पैसा मागणे ही चूक आहे. मागायचा तो कामावर मागावा, आणि पूल अजून धड उभा असतानाच मागावा. आपल्याकडे जीर्णोद्धाराला वर्गणी मिळते, डागडुजीला मिळत नाही. देऊळ पडायला आले की गाव धावते, पण दरवर्षी पन्हळ साफ करायला कोणी पावती फाडत नाही. इंग्लंडमधली माणसेही याहून फार वेगळी नाहीत. विल्यम मॉरिसने 1877 साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा आग्रहच मुळी हा होता की रोजची निगा राखली तर नूतनीकरणाची वेळ येत नाही. या आग्रहाला दीड शतक होत आले, तरी देणगीचा ओघ अजून मोडतोडीच्या मागेच जातो.

बागेतला दगडी पूल मोडतो कसा, हे पाहिले की हा आग्रह पटतो. बाथचा दगड चुनखडीचा, नरम, पाणी पिणारा. त्याच्या सांध्यांत चुना असेल तर आत शिरलेली ओल सांध्यावाटे बाहेर पडते. पुढच्या काळात कोणी घाईने सिमेंटने दर्जा भरल्या की ती वाट बंद होते. ओल दगडात कोंडते, थंडीत गोठते, आणि सिमेंट शाबूत राहून दगडाचेच पापुद्रे सुटतात. किल्ल्यावर चुन्याची घाणी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावायला नको. जुन्या बांधकामात दगड एकमेकांना जखडायला लोखंडी आकडे घालत. त्यांना गंज चढला की ते फुगतात आणि आतून दगड फोडतात. छपराला एक फट पडली की खांबाच्या माथ्यापासून पायापर्यंत पाणी उतरते. यातले प्रत्येक दुखणे सुरुवातीला एका गवंड्याच्या काही दिवसांच्या कामाचे असते. तेच वीस वर्षे राहिले की पाणी अडवा, परांची बांधा, दगड उतरवा, नवे घडवा, असा खर्च होतो. आणि त्यातला मोठा वाटा दगडावर न जाता दगडापर्यंत पोचण्यावर जातो.

प्रायर पार्कची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे मुख्य संकट पुलात नव्हते. ही बाग 1993 साली नॅशनल ट्रस्टकडे आली. जुने बांध पाझरू लागले, म्हणून अलीकडच्या वर्षांत तळी रिकामी करून ते नव्याने बांधावे लागले आणि बागेचा खालचा भाग लोकांना बंद ठेवावा लागला. बांध म्हणजे माती, चिकणमाती, सांडवा. त्याचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही. पण बांध गेला तर तळे जाते, आणि तळे गेले तर पुलाला पूल म्हणण्याचे कारण उरत नाही. पुलाच्या नावाने गोळा केलेला पैसा चिखलात घालावा लागणार असेल, तर ते देणाऱ्याला आधी सांगितलेच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो: चिखल दाखवून कोणी पैसे देते का? देते. श्रॉपशरचा आयर्न ब्रिज बागेतला नव्हे, नदीवरचा. 1779 साली ओतीव लोखंडात उभा राहिलेला. इंग्लिश हेरिटेजने 2017 साली त्याच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणी मागितली. उद्दिष्ट 25 हजार पाऊंडांचे होते, जमले 47 हजारांवर. सगळा पूल परांचीत झाकलेला असताना त्या परांचीतूनच लोकांना फुकट फिरता येईल अशी वाट काढली होती, म्हणजे सांधे, भेगा, गंज सारे हाताच्या अंतरावर. अर्थात एकूण खर्च 36 लाख पाऊंडांचा होता. लोकवर्गणी त्यात शेकड्याला दीडसुद्धा भरत नाही. हॅम्बुर्गच्या एका प्रतिष्ठानाने एकट्याने दहा लाख युरो दिले. मग छोट्या वर्गणीचा उपयोग काय? हिशेबाच्या वहीत थोडा, पण दहा पाऊंड दिलेला माणूस पुढच्या वर्षी रंग कुठे उडाला ते पाहायला येतो. मोठ्या देणगीदाराचे लक्ष काम पुरे होईपर्यंत असते. पुलाला पहारेकरी हवे असतात ते त्यानंतर.

सरकारचा हिशेबही इथे मांडायला हवा. ब्रिटनमध्ये करदात्याने धर्मादाय संस्थेला 100 पाऊंड दिले तर गिफ्ट एड योजनेतून सरकार आणखी 25 घालते. पण दुरुस्तीच्या कामावर 20 टक्के व्हॅट आहे. ज्या संस्थेला तो परत मिळत नाही, तिच्या हाती त्या 125 पाऊंडांतून जेमतेम 104 पाऊंडांचे काम पडते. नव्या घराच्या बांधकामावर मात्र हा कर शून्य. जुने सांभाळणाऱ्याला कर आणि नवे बांधणाऱ्याला माफी, ही रीत मला उघड अन्यायाची वाटते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. सरदारांनी आपल्या करमणुकीसाठी केलेल्या बागांचा भार सामान्य माणसाने का उचलावा? बाग खासगी आणि फाटक बंद असेल, तर खरेच उचलू नये. पण पेन्सहिलचे उदाहरण पाहा. चार्ल्स हॅमिल्टनने 1738पासून ती बाग रचली, कर्जापायी 1773 साली विकली. पुढे तिचे तुकडे पडले, झाडी माजली. 1980 साली तिथल्या नगर परिषदेने 158 एकर जमीन विकत घेतली, पुढच्याच वर्षी न्यास स्थापन झाला, आणि सरदाराची बाग लोकांची झाली. असा हक्क मिळाला की भार उचलण्यात अपमान नाही.

उरतो तो स्वस्ताईचा मुद्दा: मोडू द्यावा, नवा करता येतो. क्रूमच्या बागेतला लाकडी चिनी पूल असाच नाहीसा झाला होता. रिचर्ड विल्सनच्या 1758च्या चित्रात तो दिसतो. त्या आधारावर, पाण्याखाली सापडलेल्या जुन्या लाकडांचा माग काढत, 2015 साली तो पुन्हा उभा केला. काम सुरेख आहे. पण लाकडी पूल पुन्हा करता येतो, कारण लाकूड बदलतच राहायचे असते. प्रायर पार्कच्या दगडावर जुन्या पिढ्यांनी कोरलेली नावे आहेत, आणि ती कुठल्याही चित्रावरून परत आणता येणार नाहीत.

म्हणून अशा न्यासांनी पुलासाठी जमलेल्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा पुढच्या वर्षांच्या चुन्यासाठी, पन्हळींसाठी आणि बांधासाठी बाजूला ठेवावा, आणि पावतीवर तसे छापावे. बाथला जाणाऱ्या मराठी वाचकाला एवढीच विनंती, की कमानींचे छायाचित्र काढून झाले की पाणी अडवणारा बांधही पाहून यावा, आणि देणगीपेटीत जे टाकायचे ते त्याच्या नावाने टाकावे.