इंटरनेट लागतं ते निघायला!

आकाशात पोहोचलेल्या विमानाचं इंटरनेटवाचून फारसं अडत नाही. अडतं ते जमिनीवर. चेक-इन, बॅगांचे टॅग, वजनाचा हिशेब, फ्लाइट प्लॅन, वैमानिकांची ड्युटी... या सगळ्यांचा मेळ बसला, तरच दार लागतं.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले. भारतात विमानतळांच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी सरळ पेन उचललं! हैदराबाद-कोलकाता प्रवासाचा हाताने लिहिलेला बोर्डिंग पास तेव्हा सोशल मीडियावर गाजला.

अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीला मात्र पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द करावी लागली. विमानं होती, वैमानिक होते. पण कोण कुठे आहे आणि कोणाला कुठल्या विमानावर पाठवायचं, हे ठरवणारी यंत्रणाच बदलांच्या लोंढ्यात मागे पडली. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला सर्वात नाजूक धागा हाच. बोर्डिंग पास हाताने लिहिता येतो, हजारो कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक नाही.

सगळ्यात भन्नाट किस्सा ब्रिटनचा. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनवरून जाणाऱ्या लॉस एंजेलिस-पॅरिस विमानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये ‘डीव्हीएल’ ही खूण दोनदा आली. एक अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकची, दुसरी फ्रान्समधल्या दोव्हिलची. ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणाचा कॉम्प्युटर गोंधळला आणि थांबला. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तीही थांबली. अवघ्या २० सेकंदांत! सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा बिघडली. कंट्रोलरना ते काम हाताने करावं लागलं, ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला.

आणि विमान कंपन्यांचे निरोप जातात कसे? ११ विमान कंपन्यांनी १९४९ मध्ये ‘सिटा’ नावाचं सामाईक जाळं उभारलं. त्यातले टेलिप्रिंटरच्या जमान्यातले सात अक्षरी पत्ते आजही चालतात : तीन अक्षरं ठिकाणाची (मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएनक्यू), दोन विभागाची, दोन कंपनीची.

विमानंही स्वतःहून निरोप धाडतात. १९७८ पासून वापरात असलेल्या ‘एकार्स’ या संदेश यंत्रणेमुळे गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेटवर पोहोचलो, अशा चार नोंदी आपोआप कंपनीकडे जातात. वैमानिकाला बटणही दाबावं लागत नाही.