विंचवाचा उतारा आणि छापील अक्षर

डहाणूहून बोर्डीच्या रस्त्याला लागले, की जवळच आमचे आगर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. पाहुण्यांना सारे मौजेचे वाटते. पण वाडीतला पालापाचोळा उपसणाऱ्याला विचारा, तो आधी विंचवाची गोष्ट सांगेल. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत कामाला येणाऱ्या एका बाईंना लाल विंचू चावला. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि वर प्रतिविषाचे इंजेक्शनही दिले. दुसऱ्या दिवशी बाई चहा पीत बसलेल्या! मी विचारले (जन्मभर शाळेत विज्ञान शिकविल्याची खोड, दुसरे काय?), "डॉक्टर, गोळी होती तर इंजेक्शन कशाला?"

"गुरुजी, ज्यांनी ती गोळी गाजवली, त्यांनीच दोन्ही द्या म्हणून छापलंय," असे म्हणून त्यांनी मला एक लेख वाचायला दिला.

तो लेख महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा. बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाने गंभीर झालेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस दगावत. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग फुप्फुसांत पाणी. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणे टिपली. १९८२ साली ती लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. विषाने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार पडतो. तेव्हा रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची स्वस्त गोळी द्यावी, हा त्यांचा विचार. प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली त्याच मासिकात आला. पुढे गंभीर रोग्यांतले मृत्यू शंभरात एकाच्याही खाली गेले. खेड्यातल्या डॉक्टराने आणखी काय मिळवायचे?

पण माझे मन गुंतले ते पुढच्या प्रकरणात. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारे प्रतिविष गोळीच्या जोडीला दिले तर अधिक गुण येतो का, हे त्यांनी स्वतःच पडताळायला घेतले. सत्तर रोगी, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. कोण कोणत्या गटात हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. आणि गोळी दोन्ही गटांना! प्रयोगापायी कोणाचेही ठाऊक असलेले औषध तोडले नाही. वैद्यकीय संशोधनातली नीती म्हणतात ती येथे सुरू होते, लेख लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी.

निकाल काय लागला? दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या गोळीच्या गटात पस्तीसांपैकी आठ; गोळी अधिक प्रतिविष घेतलेल्यांत बत्तीस. बरे व्हायला एकीकडे सरासरी साडेसतरा तासांहून थोडे अधिक, दुसरीकडे आठ. ज्या गोळीने नाव दिले ती एकटी अपुरी पडते, हे आकडे तिच्याच पुरस्कर्त्यांनी जानेवारी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्वतःच्या सहीने छापले. कागद कपाटात ठेवला असता तर महाडला कोण विचारायला जाणार होते?

असे कागद कपाटात राहतात, हे जगाला ठाऊक आहे. म्हणून तर बड्या वैद्यकीय मासिकांच्या संपादकांनी २००४ साली जाहीर केले, की प्रयोगाची आधी नोंद नसेल तर लेख छापणार नाही. आपल्याकडे अशी नोंदवही २००७ साली उघडली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. आधीच नोंद असली म्हणजे नावडता निकाल गिळून टाकणे जड जाते.

आणि नुसत्या मासिकाच्या नावावर भुलू नये हेही खरे. बावस्करांना जागा देणाऱ्या त्याच 'लॅन्सेट'ने १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अवघ्या बारा मुलांवरचा लेख छापला. गोवराच्या लशीचा संबंध त्याने मुलांच्या मनोविकासातील दोषाशी जोडला, आणि आईबापांच्या पोटात गोळा आला. लशीवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता. लेख मागे घ्यायला २०१० उजाडले. गंमत पाहा, मुलांच्या नोंदीच कशा फिरवल्या होत्या याचा सविस्तर पंचनामा ब्रायन डीअर या पत्रकाराने केला, तो बावस्करांच्या लेखाच्याच महिन्यात, त्याच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

बावस्करांचा प्रयोग निर्दोष होता असे नाही. रोगी सत्तरच, दवाखाना एकच, आणि कोणाला काय दिले जात आहे हे डॉक्टर-रोगी दोघांनाही ठाऊक. अशाने मन थोडे झुकतेच. मात्र हे उणेपण शोधायला मला भिंग घ्यावे लागले नाही. प्रयोग उघड्या पद्धतीचा होता, हे लेखाच्या शीर्षकातच छापले आहे.