नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

दसऱ्याला नांदेड-लातूरकडे नव्या मोटारसायकली दारात येतात, हार घातला जातो आणि शेजाऱ्यांचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, “हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नकोस.” दुसरा म्हणतो, “पहिल्याच दिवशी पळव, इंजिन मोकळे होईल.” यांत बरोबर कोण?

गाडी जितकी वेगवान तितका हा प्रश्न महत्त्वाचा. म्हणून पुण्याजवळ चाकणला बनलेल्या, २०१३ साली आलेल्या केटीएम ३९० ड्यूकचे उदाहरण घेऊ. तिचा दट्ट्या म्हणजे पिस्टन एका फेरीत ६० मिलिमीटर वर आणि तितकाच खाली जातो. मिनिटाला ९,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०. गुणाकार करा: सेकंदाला १८ मीटर, ताशी सुमारे ६५ किलोमीटर! फेऱ्या निम्म्या केल्या तर घासण्याचा वेग निम्मा होतो आणि जडत्वामुळे येणारे बळ चौथाईवर येते.

दट्ट्याभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासतात. ही भिंत कारखान्यात आरशासारखी गुळगुळीत करत नाहीत. जात्याला टाकी लावतात, तशा तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरक्या रेषा मुद्दाम पाडतात. रेषांच्या खाचांत तेल टिकते. मधले उंचवटे सुरुवातीला टोकदार असतात. ते थोडे झिजले, की रिंग आणि भिंत एकमेकींना नीट बसतात. अलीकडे हे उंचवटे कारखान्यातच बरेचसे बोथट करतात, पण शेवटची जुळणी इंजिन चालतानाच होते.

रिंगेला भिंतीवर दाबते कोण? थोडा दाब तिच्या स्वतःच्या ताणाचा असतो. बाकीचा जळत्या वायूचा: तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर ढकलतो. गाडी सतत हळू, बिनभाराची चालवली तर हा दाब अपुरा पडतो. उंचवटे नीट झिजत नाहीत आणि भिंतीवर भाजलेल्या तेलाचा चकचकीत थर बसू शकतो. मग वायू गळतो, तेल जळते, निळा धूर निघतो. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने पळवली तर उंचवट्यांची टोके तापतात, तेलाचा पापुद्रा तुटतो, धातू धातूला चिकटून ओरखडे पडतात. दोन्ही सल्ले अर्धेच खरे!

मधला मार्ग असा: इंजिन गरम होऊ द्यावे, मध्यम भार द्यावा, वेग कमी-जास्त करत राहावे. अहमदपूरमार्गे नांदेडहून लातूरला नवी गाडी एकाच वेगाने रेटत नेण्यापेक्षा वाटेत वेग बदलावा, मध्ये थांबावे. नेमक्या मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असतात; त्याच पाळाव्यात.

वर्गात दोन खडू आडवे धरून एकमेकांवर घासून पाहा. आधी ते जेमतेम एका ठिकाणी टेकतात. थोड्या वेळाने तिथे सपाट पट्टा तयार होतो. खाली पडलेली भुकटी विद्यार्थ्यांना दाखवा. टाकी लावलेल्या जात्याच्या पहिल्या पिठात कच येते, तशी नव्या इंजिनाच्या तेलात धातूची भुकटी येते. बीएमडब्ल्यूच्या एम श्रेणीतील वेगवान मोटारींतही २,००० किलोमीटरला तेल बदलतात, ते याचसाठी. हप्त्यांवर घेतलेल्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग लांबवली, तर ही भुकटी तेलाबरोबर इंजिनभर फिरत राहते. हप्ते फिटण्याआधीच इंजिन धूर सोडू लागले तर तो खर्च घरालाच सोसावा लागतो.