खाऱ्या पाण्याची पेशीतील चाहूल

अकोला आणि अकोट यांच्यामधून पूर्णा वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर जी काळीभोर जमीन पसरली आहे, तिच्या पोटात पाणी नाही असे नाही. पाणी आहे, परंतु ते खारे आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो. येथे विहीर असूनही शेतकऱ्याला ओलीत करता येत नाही. तसे केलेच तर सोडियममुळे काळी माती चिवट होते, तिची छिद्रे बुजतात आणि पिकाचे मूळ गुदमरते.

या पाण्यात मीठ आहे हे ओळखणे अवघड नाही. जीभ सांगते, आणि जिभेवर विश्वास नसेल तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा, पाणी दुधासारखे फुटते. खरा प्रश्न पुढचा आहे. हे मीठ कपाशीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळाशी पोचल्यावर तेथील जिवंत पेशीत नेमके काय घडते? पेशी वाटून, उकळून परीक्षानळीत घातली तर तिच्यात काय होते ते कळेल. काय चालले होते ते कळणार नाही. मेलेल्या माणसाची नाडी पाहण्यासारखेच ते. म्हणून पेशी जिवंत ठेवून तिच्या आतले वर्तमान सांगणारा हेर हवा.

असा हेर कसा असतो याची कल्पना एका जुन्या औषधावरून येईल. हिवतापावर दिले जाणारे कोयनेल आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक असेल. ते सौम्य गंधकाम्लात विरघळवून अंधारात त्यावर नोटा तपासण्याचा जंबुपार दिवा धरला, तर द्रव निळाईने उजळतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गिळून दिसणारा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणाला १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी फ्ल्यूओरेसन्स हे नाव दिले. आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणू. आता त्याच द्रवात चिमूटभर मीठ टाका. निळाई मंदावते! मिठातला क्लोराइड आयन उद्दीपित रेणूवर आपटतो आणि त्याने प्रकाश टाकण्यापूर्वीच त्याची ऊर्जा हिरावून घेतो. हा परिणाम स्टोक्स यांनीही पाहिला होता. १९८७ साली कोयनेलाच्या रेणूतील चमकणाऱ्या भागाशी नाते असलेला एक रेणू क्लोराइडची ये-जा मोजण्यासाठी वापरण्यात आला, तो याच तत्त्वावर.

परंतु विझणारा दिवा हा काही उत्तम हेर नव्हे. दिवा विझला तो क्लोराइडने, की तेल संपले म्हणून, हे कसे ठरवावे? म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी असे रेणू बांधले की ज्यांच्या एका टोकाला पकड आणि दुसऱ्या टोकाला दिवा असतो. कित्येक रेणूंत पकड रिकामी असेपर्यंत तिच्यातला एक इलेक्ट्रॉन दिव्याला पेटू देत नाही. हवा तो आयन पकडीत बसला की हा इलेक्ट्रॉन गुंततो आणि दिवा लागतो. पकड ढिली असेल तर आयन सापडत नाही, फार घट्ट असेल तर सुटत नाही, आणि न सुटणारा हेर पुढची बातमी आणीत नाही.

या कलेचा खरा कारागीर रॉजर त्सिएन. त्याने कॅल्शियमची निवड केली, कारण पेशी या आयनाचा उपयोग निरोप देण्यासाठी करते. प्राण्याच्या पेशीबाहेर असते त्याच्या सुमारे दहा हजारांश इतकेच मोकळे कॅल्शियम पेशीच्या आत असते. म्हणून दार क्षणभर उघडले तरी आत मोठी खळबळ उडते. ही खळबळ दाखवणारा ‘फ्युरा-२’ हा रेणू १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्याची खुबी अशी की कॅल्शियम धरल्यावर तो ३४० नॅनोमीटरच्या किरणांनी अधिक उजळतो, आणि रिकामा असताना ३८० च्या. दोहोंचे गुणोत्तर घेतले की पेशीत रंग किती शिरला याची चिंता उरत नाही.

रंग पेशीत शिरतो कसा, तेही गमतीचे आहे. त्याच्या विद्युत्भारित टोकांवर टोप्या चढवतात; मग तो पेशीच्या पडद्यातून आत सरकतो. आत पेशीचीच विकरे त्या टोप्या कापतात आणि त्याला परतता येत नाही. कणगीच्या भोकातून शिरलेला उंदीर दाणे खाऊन फुगावा, तसा तो अडकतो. मात्र असे हेर फार झाले तर तेच कॅल्शियम अडवून धरतात आणि पाहायचे तेच बिघडते. चांगला प्रयोगकर्ता येथे हात आखडतो.

आपल्याकडेही हे काम चालते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांच्या गटाने जिवंत पेशींतील मँगनीज उजळून दाखवणारे रेणू बनवले. ते २०१५ साली प्रसिद्ध झाले. मँगनीजचा स्वभाव दिवे विझवण्याचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातली अडचण कळेल.

वनस्पतीत टोप्यांची युक्ती बहुधा फसते. पेशीच्या भिंतीबाहेरच टोप्या कापल्या जातात. तेथे हेर पेशीकडूनच घडवून घेतात. चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक वनस्पतीत घातले की ती स्वतःच तो तयार करते. या प्रथिनांच्या कामाबद्दल २००८ चे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. २०१४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील सायमन गिलरॉय यांच्या गटाने अशाच हेराच्या साह्याने मोहरीच्या कुळातील एका लहान रोपट्याच्या मुळाच्या टोकाला मीठ लावून पाहिले. कॅल्शियमची लाट टोकापासून वर निघाली, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मायक्रॉन, म्हणजे मिनिटाला जवळजवळ अडीच सेंटिमीटर! मुळाने खारे पाणी चाखले आणि पाने कोमेजण्याच्या कितीतरी आधी वरच्या भागाला वर्दी पोचली.

कपाशी मीठ बरेच सोसते, संत्र्याचे झाड सोसत नाही. आणि वरूड-मोर्शीच्या बागा खारपाणपट्ट्याबाहेर आहेत याचे नवल वाटायला नको. दोघांची मुळे ही वर्दी कशी देतात आणि ती मिळाल्यावर काय करतात, यांत फरक कोठे पडतो, हे आता जिवंत मुळातच पाहता येईल. यामुळे दर्यापूरच्या विहिरीचे पाणी गोड होणार नाही. परंतु खाऱ्या जमिनीत तग धरणारे वाण निवडताना पीक वाळेपर्यंत वाट पाहण्याऐवजी मुळाची पहिली काही मिनिटे वाचता आली, तर शेतकऱ्याचा एखादा हंगाम तरी वाचेल.