वेगळेपण आणि कौशल्यांचा संयोग : फाळक्यांचे उदाहरण

माणसाचे वेगळेपण बहुधा एखाद्या अलौकिक देणगीत शोधले जाते. परंतु एरवी फारशी एकत्र न येणारी साधी कौशल्ये एकाच व्यक्तीच्या हाती जुळून येणे, ज्याला कौशल्यसंयोग म्हणता येईल, हेही वेगळेपणच होय. धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग असे उद्योग केले, आणि त्या काळच्या व्यवहारी दृष्टीला ही धरसोडच वाटली असती. चलच्चित्र, म्हणजे क्रमाने घेतलेली स्थिर चित्रे वेगाने दाखवून निर्माण केलेला हालचालीचा आभास, पाहिल्यावर मात्र या सर्व विद्यांना एकच काम मिळाले. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा जागचा न हलवता, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी अंकुराची वाढ काही क्षणांत दाखवली, आणि भांडवल मिळवण्यासाठी हीच फीत पुढे केली. यात छायाचित्रकाराची चिकाटी जितकी, तितकीच प्रेक्षक कोठे थक्क होईल हे ओळखणारी जादूगाराची नजरही दिसते. या संयोगालाही मर्यादा मात्र होत्या : १९१३ च्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात, स्त्रिया कामास तयार नसल्याने, हरिश्चंद्राची राणी तारामती पुरुषानेच साकारली.