सिकलसेल : दुखणे अंगावर काढू नये

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अरण्याच्या परिसरात चैत्र-वैशाखात मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा असतो. उन्हात सांधे ठणकले, धाप लागली, तर तो श्रमाचा शीण समजून दुखणे अंगावर काढले जाते. पूर्व विदर्भात मात्र त्यामागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असू शकतो.

या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातील पाणी कमी होणे, ताप व अतिश्रम यांमुळे वेदना उसळतात. गरोदरपणी धोका अधिक वाढतो. छातीत दुखणे, धाप, ताप, तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे.

वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष केवळ स्त्रीच्या माथी मारणे म्हणूनच अज्ञानाचे होय. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तपासणीवरच भर दिला आहे. विवाहापूर्वी उभयतांनी रक्त तपासून घेणे, हाच खरा प्रतिबंध.