दहावा माणूस बसमधून उतरतो

अलिबागच्या इस्रायल आळीत मोठी बस शिरत नाही. ती रस्त्यालाच उभी राहते आणि माणसं चालत आत येतात. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर उन्हाच्या टोप्या, पुढे वाट दाखवणारा गाइड. वेरूळ-अजिंठा करून आलेला परदेशी जथा असावा, असं कुणालाही वाटेल. मग त्यातली सत्तरी ओलांडलेली एखादी बाई शहाळेवाल्यापाशी थांबते आणि विचारते, "केवढ्याला दिलंस रे?" कोयता हातात तसाच धरून तो तिच्याकडे बघत राहतो. नातवंडं आपसांत हिब्रूत बोलत असतात. आजी घासाघीस मात्र मराठीत करते. ती मराठी या जिल्ह्याचं नाव रायगड होण्याच्या आधीची, कुलाबा जिल्ह्याची असते.

ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं. ज्या गावांत वाढली त्याच गावांत आता व्हिसा काढून, हॉटेलात उतरून, चार-पाच दिवसांच्या सहलीवर येतात. अशी ये-जा सुरू होऊन तीन दशकं उलटली. या काळात त्या सहलीचं रूप बदलत गेलं आणि तिच्यामुळे इथल्या जुन्या वास्तूंनाही काही मिळालं. म्हणून हा मागोवा.

त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी एक गलबत नवगावजवळ फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला आणलेली प्रेतं नवगावातच पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. हे नेमकं कधी घडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात घाणे टाकले आणि तेल गाळून पोट भरलं. हिब्रू विसरली, ग्रंथ हरवले, तरी शनिवारी घाणा बंद ठेवायचा ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्यामुळे गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. मुलांची सुंता होत राहिली, 'शेमा' ही प्रार्थना तोंडी राहिली, आणि ज्या मासळीला पर आणि खवले नाहीत ती चुलीवर चढली नाही. डेव्हिड राहाबी नावाच्या परक्या ज्यू माणसाने त्यांना ओळखलं ते याच मासळीवरून, असं सांगतात. बायकांपुढे त्याने मिश्र मासळी ठेवली आणि त्यांनी चालणारी तेवढी वेगळी काढली.

आडनावं गावांची. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर. हिंदी सिनेमात नुसत्या डेव्हिड या नावाने गाजलेला नट म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अशी आडनावं शंभरावर आहेत, आणि नकाशावर त्यांच्या खुणा केल्या तर कुलाब्याचा किनारा भरून जातो. सहलीला आलेल्या माणसांचा कार्यक्रम गाइड ठरवतो हे खरं, पण खरा नकाशा त्यांच्या पासपोर्टवर, नावाच्या शेवटीच छापलेला असतो. म्हणून प्रत्येक सहलीत कुणीतरी एक जण बस थांबवायला लावतो. कार्यक्रमात नसलेल्या फाट्यावर उतरून गावाच्या नावाच्या पाटीखाली उभा राहतो आणि फोटो काढून घेतो. पाटी देवनागरी, आडनाव हिब्रू लिपीत, गाव एकच.

१९४८ साली इस्रायल स्थापन झालं तेव्हा भारतात बेने इस्रायल २० हजारांच्या आसपास होते. पन्नास आणि साठच्या दशकांत त्यातले बहुसंख्य गेले. इथे कुणी छळ केला म्हणून त्यांना जावं लागलं नाही, आणि हे त्यांच्यातली माणसं आजही आवर्जून सांगतात. ओढ होती, नव्या देशाचं आमंत्रण होतं, आणि एक भाऊ गेला की मागोमाग घर रिकामं होई. तिकडे गेल्यावर वाट्याला आलं ते अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा आणि वाळवंटातलं दिमोना. समुद्राकाठी नारळाच्या वाडीत वाढलेल्या बाईला दिमोनात पहिली काही वर्षं कशी गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या वर्षांतले दोन प्रसंग विसरता येत नाहीत. नोकरी आणि वागणुकीत भेदभाव होतो म्हणून काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि १९५२ साली शंभरावर माणसं सरळ मुंबईला परत आली. त्यातली बरीचशी पुढे पुन्हा इस्रायललाच गेली. दुसरा प्रसंग जास्त बोचरा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाचीच चौकशी करण्याचा फतवा काढला. ज्या माणसांनी ग्रंथ हाताशी नसताना शेकडो वर्षं शनिवार सांभाळला, त्यांच्याकडे दाखला मागितला गेला. १९६४ साली मोठं आंदोलन झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा ठराव केला. ही जखम लक्षात ठेवली तर पुढच्या सहलींचा अर्थ नीट लागतो. तिकडे ज्यांना 'तुम्ही नक्की कोण' असं विचारलं गेलं, त्यांना इकडच्या गावाने तो प्रश्न कधी घातला नव्हता.

पण परत येऊन गाव बघणं इतकी वर्षं सोपं नव्हतं. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलातही होती, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडावी लागली. तोवर इस्रायली पासपोर्टवर भारताचा व्हिसा मिळवणं जिकिरीचं. आईबाप इकडे वारले आणि मुलं तिकडे सुतकात बसली, असं किती घरांत झालं. पत्रं येत-जात राहिली. तिकडे मराठी मात्र मेली नाही. नोहा मास्सिल यांच्या संपादनाखाली 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून निघू लागलं. मराठी वाचणारा तिथला माणूस कोकण बघायला मिळत नव्हतं तेव्हा कोकणाबद्दल वाचत होता.

नव्वदच्या दशकात दार उघडलं. पहिल्यांदा आले ते एकेकटे किंवा नवरा-बायको, नातेवाइकांकडे उतरणारे. मग नातेवाईकच कमी झाले. ठाण्याला, मुंबईला काही कुटुंबं राहिली, गावांतून मात्र घरं विकली गेली, भाडेकरू मालक झाले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. उतरायला घर राहिलं नाही तेव्हा हॉटेल आलं, आणि हॉटेलच्या मागोमाग ठरावीक सहल आली. गेटवे, राजाबाई टॉवर, पुण्याचं लाल देऊळ म्हणवणारं सिनेगॉग, आग्र्याचा ताजमहाल, आणि मध्ये दोन-तीन दिवस कोकण. एरवी लष्करातली सक्तीची सेवा आटोपून इस्रायली तरुण हिमाचलात आणि गोव्यात भटकायला येतात. त्यांच्यातलाच कुणी आडनावाने पेणकर निघतो आणि गोव्याहून परतताना पेणला उतरतो.

मुंबईतला त्यांचा पहिला मुक्काम बहुधा सॅम्युअल स्ट्रीट. तिथलं शार हारहमीम हे या समाजाचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, १७९६ चं. बांधलं सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी, मराठी नाव सामाजी हासाजी. ते कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस त्यांनी केल्याचं सांगतात. बेने इस्रायल घरांत सिनेगॉगला सर्रास 'मशीद' म्हणत. जवळच्या मशीद स्टेशनाचं नाव या मशिदीवरून पडलं, असं सांगतात. हे ऐकल्यावर नातवंडं मोबाइलवर नकाशा उघडून स्टेशनाचं नाव पुन्हा वाचतात. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर जे घडलं त्यानंतर सिनेगॉगच्या दाराशी पहारा असतो. ज्या मशिदीत लहानपणी अनवाणी धावत शिरलो, तिथे आता पासपोर्ट दाखवून आत जायचं, ही गोष्ट म्हाताऱ्यांना खटकते, आणि खटकणारच.

पूर्वी अलिबागला जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस. मार्च २०२० पासून त्याच धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, बससकट. लाँचवर उलटी झाल्याच्या आठवणी सांगणारी आजी आता वातानुकूलित डेकवर बसून तेच पाणी बघते.

किनाऱ्यावर उतरल्यावर ठरलेली ठिकाणं येतात. नवगावची दफनभूमी, तिथलं स्मारक, आणि शिलालेखांवर शेजारी शेजारी हिब्रू नि मराठी. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग, १८४२ चं. मग खंडाळे गावाजवळचा एलियाहू हनाबीचा टापा. इथल्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. एलियाहू स्वर्गात जाताना इथे टेकला, असं आजीने सांगितलेलं नातवाला पटतं की नाही हे विचारू नये. तो खडकावर तळवा टेकवतो हे पुरे.

टाप्यावर बरेच जण नवस फेडायला येतात. मूल व्हावं, परीक्षा पार पडावी, सीमेवरचा मुलगा सुखरूप घरी यावा. इस्रायलमध्ये हैफाला एलियाहूची गुहा आहे, आणि तिथेही बेने इस्रायल जातात. तरी खंडाळ्याचा नवस खंडाळ्यालाच फेडायचा असतो. त्यासाठी मलिदा लागतो. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, वर काजू-बदाम. ताटाच्या कडेने केळं, सफरचंद, खजूर, मिळतील ती फळं. मधोमध पोह्यांचा ढीग. प्रार्थना होते, एकेका फळाचे आशीर्वाद म्हटले जातात, मग ताट फिरतं. जगातल्या इतर ज्यूंमध्ये हा विधी सापडत नाही. कोकणात नारळ-पोहे घरोघर असतात, तेच त्यांनी देवापुढे ठेवले. बसमधून उतरल्यावर पोहे भिजवायला पातेलं कुणाकडून तरी मागून आणावं लागतं. आळीतल्या शेजारणी ते आनंदाने देतात, आणि नारळ खवायला एखादी जण खवणी घेऊन स्वतःच येऊन बसते.

आता खरी गोष्ट. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा सज्ञान पुरुष हजर असावे लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येत नाही, कितीतरी प्रार्थना म्हणता येत नाहीत, मेलेल्यांसाठीची कद्दीश म्हणता येत नाही. अलिबागचं मागेन अबोथ, आताची वास्तू १९१० ची, रंग दिलेली, झाडून पुसून ठेवलेली. पेणचं, रेवदंड्याचं, पनवेलचंही तसंच. वास्तू शाबूत आहेत, माणसं मोजकी राहिली आहेत. गावात सहा-सात पुरुष असतील तर उरलेले कुठून आणायचे? ठाण्याहून, मुंबईहून सणासुदीला बोलवायचे. एरवी सिनेगॉग उघडं राहतं, दिवा लागतो, आणि दहा मात्र भरत नाहीत.

बस आली की दहा भरतात. टोप्या काढून डोक्यावर किप्पा येतात, कॅमेरे पिशवीत जातात, आणि पेटीतून तोरा बाहेर येते. आत शिरताना जे पर्यटक होते ते त्या तासाभरात मंडळी होतात. गावात मागे राहिलेल्या माणसाला आपल्या बापाच्या वर्षश्राद्धाची कद्दीश म्हणायला दहावा माणूस दिमोनाहून आलेला मिळतो, आणि दिमोनाहून आलेल्याला आपल्या आजोबांची कद्दीश त्यांच्याच सिनेगॉगमध्ये म्हणता येते. पर्यटनाला आपण बरंच काही बोलतो, किनारे बिघडवले, जमिनी महाग केल्या, आणि ते खोटं नाही. या सिनेगॉगपुरतं मात्र पर्यटनाने जे केलं ते दुसऱ्या कशाने झालं नसतं. पुरातत्त्वाची पाटी लावून वास्तू जपता येते. दहा माणसं पाटीने येत नाहीत.

काही गट मुद्दाम शनिवार अलिबागला पडेल अशी आखणी करतात. त्या दिवशी धार्मिक माणूस वाहनात बसत नाही, म्हणून बस उभी. ड्रायव्हर झाडाखाली झोप काढतो. मंडळी हॉटेलातून चालत सिनेगॉगला जातात, चालत परत येतात. ज्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा थांबला की गावाला कळायचं, तिथे आता शनिवारी बस थांबते आणि आळीला कळतं.

गेल्या काही वर्षांत आणखी दोन गोष्टी बदलल्या. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. २०१७ च्या जुलैत पंतप्रधानांच्या इस्रायल दौऱ्यात तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना, लष्करात सक्तीची सेवा केलेली असली तरीही, ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड देण्याचं जाहीर झालं. ते कार्ड हातात असलेल्याला व्हिसाची रांग नाही. कागदावर तरी तो पर्यटकापेक्षा थोडा जवळचा झाला.

तिसरी पिढी मराठी बोलत नाही. काहींना 'चल', 'बस', 'जेव' एवढं कळतं, कारण घरात आजी तेवढंच त्यांच्याशी बोलली. पण जिभेला चव माहीत असते. सणाला घरात चिकाचा हलवा झालेला असतो, नारळाच्या दुधातला, कारण मटणानंतर गाईचं दूध चालत नाही. अलिबागच्या खानावळीत नारळाच्या रसातलं पापलेट समोर आलं की ही मुलं पहिल्या घासाला आजीकडे बघतात. आजी ताटातली कोळंबी अलगद बाजूला सारते आणि रस्सा नुसता हुंगून परत पाठवते. तोच भात तिला वेगळ्या पातेल्यातून आणून द्यायला खानावळवाल्याला एव्हाना सांगावं लागत नाही. असे गट त्याने पुष्कळ बघितलेत.

निघायच्या दिवशी बाजार. लाल पोहे, गूळ, आगरी मसाला, आणि फेब्रुवारीनंतर आले असतील तर पांढऱ्या कांद्याच्या माळा. कांदा विमानात चालेल का, यावर बसमध्ये बराच वेळ चर्चा होते. नातू फोनवर नियम शोधत बसतो. तोवर आजीने तीन माळा घेतलेल्या असतात, आणि त्या सीटच्या पाठीला अडकवून ती मांडव्याच्या रस्त्याला लागलेली असते.